पाद्रीने पूजा बंद केली नव्हती

पाद्री स्वस्थ उभा राहिलेला मी कधी पाहिला नाही. मशीन चालू असो वा बंद, जेवणाची सुट्टी असो वा शेठने बोलावलेली सभा, हा माणूस चालत असे. मशीनपासून दरवाजापर्यंत आणि दरवाजापासून मशीनपर्यंत, हात पाठीमागे बांधून, मान किंचित पुढे काढून. आजारी माणसाच्या खोलीबाहेर नातेवाईक फिरतात ना, तसा. फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम मशीनमध्ये उतरत असताना तर त्याची चाल दुप्पट होई. डबासुद्धा तो एका हातात धरून, फिरत फिरत खात असे. "अरे, बस की जरा," असे मी वैतागून म्हणालो, तर उत्तर ठरलेले असे. "मी बसलो तर त्याला वाटंल, मला घाई नाय." त्याला म्हणजे मशीनला.

पाद्री हे त्याचे नाव नव्हे, हे सांगायला नकोच. वसईचे ख्रिस्ती लोक आपल्या धर्मगुरूला फादर म्हणतात. पाद्री हा शब्द आमच्यासारख्या बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचा. हा आमचा माणूस वसईच्या किनाऱ्यावरच्या राजोडीचा ख्रिस्ती, आमच्या कारखान्यात विजेचे आणि मशीनच्या दुरुस्तीचे काम पाहणारा. फ्लॉपी सरकवली की तो क्षणभर वाकून ड्राइव्हच्या फटीला कान लावी, डोळे मिटी आणि हाताने सगळ्यांना गप्प राहायची खूण करी. चर्चमध्ये फादर जाळीला कान लावून पापनिवेदन ऐकतो, तसे ते दृश्य दिसे. नाव मी ठेवले. दुसरे कोणी हे श्रेय घेत असेल तर ते त्याने परत करावे. पाद्रीने स्वतः एकच हरकत घेतली होती. "फादरला लगीन चालत नाय, दळवी. माझ्या बायकोला काय सांगू?"

त्याच्याविषयी लिहायचे माझ्या मनात नव्हते. परंतु गेल्या हिवाळ्यात आम्हा जुन्या सहकाऱ्यांचे एक स्नेहभोजन वसईत झाले आणि तिथे कुलकर्णींनी जेवता जेवता पाद्रीची गोष्ट सांगितली. कुलकर्णी आमच्याकडे प्रोग्रॅम तयार करणारे इंजिनिअर होते. पुढे पुण्याला गेले, मोठे झाले. गोष्ट अशी की, पाद्रीने आपल्या धर्माच्या अभिमानापायी दसऱ्याची मशीनपूजा बंद पाडली, मग मशीन बंद पडले, मग पाद्रीने एक साचा फुकट घालवला आणि अखेर कुलकर्णींनी केबल टाकून कारखाना वाचवला. सगळे हसले. मी हातातले ताट खाली ठेवले आणि म्हणालो, "कुलकर्णी, तुम्ही वरच्या काचेच्या खोलीत बसत होतात. मी खाली उभा होतो." ते म्हणाले, "दळवीसाहेब, आता जुनं झालं ते. सोडा ना." मी सोडत नाही. मला सोडता येत नाही, आणि तो माझा दोष आहे असे मी मानत नाही.

तर जे घडले ते असे. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. बादल्या, झाकणे, खुर्च्या अशा प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे आम्ही बनवत असू आणि मी त्या विभागाचा सुपरवायझर होतो. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर शेठनी एक वापरलेले जपानी मिलिंग मशीन आणले. संगणकाच्या हुकमाने चालणारे आमच्याकडचे ते पहिले यंत्र. यंत्र भक्कम होते, पण त्याची स्मरणशक्ती अगदी बेताची. एका साच्याचा प्रोग्रॅम त्याच्या डोक्यात मावत नसे. वर कुलकर्णी तो संगणकावर तयार करत, त्याचे तुकडे फ्लॉप्यांवर उतरवत, आणि मशीनच्या अंगातच बसवलेल्या ड्राइव्हमधून एकेक तुकडा आत भरायचा. एक तुकडा कापून झाला की दुसरा. तो ड्राइव्ह म्हणजे मशीनचे तोंड. ते तोंडच म्हातारे झालेले होते.

फ्लॉप्या वरून खाली आणण्याचा अधिकार पाद्रीने आपल्याकडे घेतला होता. धुतलेल्या रुमालात गुंडाळून, शर्टाच्या खिशात ठेवून तो जिना उतरे. दुसऱ्या कोणाचे तेलकट बोट त्यांना लागलेले त्याला खपत नसे. फ्लॉपी सरकवल्यावर तो चालत चालत मनातल्या मनात 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणे. ड्राइव्हची कुरकुर ऐकून तो चढत्या किंवा उतरत्या आवाजावरून अंदाज बांधी, आणि अंदाज पुष्कळदा चुके. उगाच त्याला सर्वज्ञ ठरवण्यात मला रस नाही. "वाचनार," असे तो छातीठोकपणे म्हणे आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येई. मग फ्लॉपी बाहेर, फुंकर, पुन्हा आत, पुन्हा फेऱ्या. त्याच्या त्या फेऱ्यांनी आमचेही पाय शिवशिवत. हातातले काम सोडून माणसे मान वळवून पडद्याकडे पाहत राहत.

आता दसऱ्याचे. आमच्याकडे खंडेनवमीला पूजा होई आणि ती तात्यांच्या हातून होई. तात्या हे लेथवरचे सर्वांत जुने कारागीर, सांगलीकडचे, गळ्यात माळ, आवाज दणदणीत. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. जपानी मशीन आले त्या वर्षी तात्यांनी त्याला विशेष मायेने कुंकू लावले. नेमके कुठे लावावे हा प्रश्न होता. लेथला डोके असते, ड्रिलिंग मशीनला कपाळ म्हणण्यासारखी जागा असते. या पेटीसारख्या यंत्राला काय? तात्यांना तोंड दिसले. ओल्या बोटाने भरघोस कुंकू त्यांनी ड्राइव्हच्या फटीवर लावले आणि वर एक पाकळी चिकटवली. तेव्हा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. पाद्री तर स्वतः स्टुलावर चढून माळा बांधत होता आणि प्रसादाचे खोबरे चघळत फेऱ्या मारत होता.

पुढच्या उन्हाळ्यात ड्राइव्ह रुसू लागला. एके दुपारी पाद्रीने तो खोलला. मी शेजारी होतो. आणखी कोणी नव्हते, हे लक्षात ठेवावे. आमच्याकडे ग्रॅफाइटचेही काम चाले आणि त्याची काजळीसारखी भुकटी सगळीकडे बसे. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस त्याने आत फिरवला तो काळा निघाला. दुसरा काळा निघाला. तिसरा बोळा अगदी आतून, फ्लॉपी वाचणाऱ्या नाजूक टोकावरून फिरवला, तो लाल निघाला. चांगला दिसण्याइतका लाल. आम्ही दोघांनी तो पाहिला. पाद्रीने तो मुठीत चुरगळला आणि पँटच्या खिशात टाकला.

"हे तात्यांचे कुंकू," मी म्हणालो.

"काळा किती निघाला ते बघ."

"काळा बाहेरून निघाला. हा आतून निघाला. शेठना दाखवायला हवा."

"दळवी," तो फेरी न थांबवता, चालता चालताच म्हणाला, "एक लाल बोळा दाखवला की काळे कोन बघनार नाय. आनि दाखवनारा कोन? मी. तुला समजत नाय काय?"

मला समजत होते. तरीही मी वाद घातला. कुंकू होते, ते नाकारण्यात काय अर्थ? संध्याकाळी शेठ खाली आले आणि त्यांनी सरळच विचारले, "पाद्री, साफ बोल. कशाने खराब झाला?" पाद्री म्हणाला, "ग्रॅफाइटनं, शेठ. पंखा लावा बाहेर फेकनारा." पंखा लागला. माझे स्वतःचे मत असे आहे, आणि यंत्रांच्या बाबतीत माझे मत ऐकून घेण्याची लोकांना सवय आहे, की ते कुंकू नसते तर तो ड्राइव्ह आणखी काही काळ टिकला असता. पाद्रीलाही हे ठाऊक होते. त्याने ते सांगितले नाही.

पुढच्या खंडेनवमीला त्याने फक्त एवढे केले. पूजेआधी आपला धुतलेला रुमाल चौघडी करून ड्राइव्हच्या फटीवर चिकटपट्टीने लावला. कुलकर्णी ज्याला पूजा बंद पाडणे म्हणतात ते हेच. तात्या ताट घेऊन आले, रुमाल पाहिला आणि तापले.

"काय रं हे? मशीनला मुसकं बांधलंस व्हय? सणाच्या दिशी?"

"तात्या, कपाळाला लावा ना. तोंडात कशाला कोंबताय?"

"ह्याला कपाळ कुठं हाय?"

"हे काय." पाद्रीने मशीनचे वरचे डोके थोपटले. "अख्खं कपाळच आहे. वयनीला कुंकू लावता तेव्हा तिच्या तोंडात टाकता काय?"

सगळा विभाग हसला. तात्यासुद्धा हसले, मिशीत हसले, पण हसले. त्यांनी मशीनच्या डोक्याला कुंकू लावले, नारळ फुटला, पाद्रीने पहिला तुकडा उचलला. पूजा झाली. त्यानंतर मी तिथे असेपर्यंत एकही वर्ष ती चुकली नाही. एवढ्या साध्या गोष्टीतून धर्माचा अभिमान काढायला माणसाला काचेची खोलीच लागते.

ड्राइव्ह मात्र गेलाच. हिवाळ्यात तो साफ मुका झाला. तसलाच दुसरा मुंबईच्या बाजारात कुठे मिळेना. जे मिळत ते याच्या जागी बसत नसत. नेमका त्याच वेळी खुर्चीचा एक मोठा साचा करायचा होता. शेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकले, "हा साचा या मशीनवर झाला तर ठीक. नाहीतर मशीन कामणला भंगारवाल्याच्या गोदामात, आणि साच्याचं काम मी बाहेरून करून घेईन. डिपार्टमेंट बंद." आम्ही सगळेच त्या मशीनला टांगलेले होतो. पाद्री तर सर्वांत आधी गेला असता, कारण आता त्याची ओळखच त्या एका यंत्राशी जोडलेली होती.

केबलची कल्पना कुलकर्णींची. हे मी मोकळेपणाने मान्य करतो; ज्याचे त्याला द्यावे. मशीनच्या पाठीला एक जोडणी होती, तिच्यातून वरच्या संगणकावरचा प्रोग्रॅम थेट खाली सोडता येईल, फ्लॉपीची गरजच नाही, असे त्यांनी दाखवून दिले. पाद्रीला ते पटले नाही. फ्लॉपी खिशात घेऊन उतरणाऱ्या माणसाला तारेचा भरवसा वाटत नव्हता. "मधेच काय गळलं तर कोनाच्या खिशात शोधू?" असे तो विचारी. पण पर्याय नव्हता. त्याने मन लावून केबल ओढली, जोडांना टाके घातले, आणि विजेच्या कामाच्या सवयीप्रमाणे ती भिंतीवरच्या पत्र्याच्या पन्हळीतून, बाकीच्या विजेच्या तारांच्या शेजारून, अगदी सरळ रेषेत नेली. त्याच्या लेखी तार ती तार, आणि तारेची जागा पन्हळीत. इतके नीटनेटके काम त्याने आयुष्यात केले नसेल.

तेच नडले. मशीन सुरेख कापत होते. मग पलीकडच्या शेडमध्ये कोणीतरी वेल्डिंग सुरू केले. त्याने विजेच्या तारांमध्ये उठलेला खळखळाट शेजारच्या केबलमध्ये उतरला, वरून येणाऱ्या आकड्यांतले काहीतरी बिघडले, आणि कटर कडेने जायचे ते थेट साच्याच्या पोटात घुसले. तो आवाज ज्याने ऐकला तो विसरणार नाही. पाद्री दरवाजाकडे तोंड करून फेरीवर होता. तो वळून धावला आणि त्याने मशीन बंद केले, पण पोलादात खड्डा पडला होता.

शेठ आले. सगळे गोळा झाले. तात्या त्या खड्ड्यावर वाकले आणि म्हणाले, "दसऱ्याला त्याचं तोंड बांधलं. मी तवाच म्हणलो हुतो." हसण्यावारी गेलेली गोष्ट त्यांच्या मनात इतके महिने ठसठसत होती, हे मला त्या क्षणी कळले. दोघातिघांनी माना डोलावल्या. शेठही पाद्रीकडे पाहू लागले, आणि त्या पाहण्यात साच्याव्यतिरिक्त काहीतरी होते.

मी तोंड उघडले होते. तो लाल बोळा, ती दुपार, सगळे सांगायचे माझ्या ओठांवर होते. पाद्रीने माझा दंड धरला. अजूनही ती पकड मला आठवते. तो म्हणाला, "शेठ, तार मी टाकली. जागा मी निवडली. पूजेचा काय संबंध नाय आनि कुलकर्णीसाहेबांचापन नाय."

"मग आता?"

"जागा बदलतो. एक डाव बघू द्या."

"टेम्पो परवा येतोय कामणहून," शेठ म्हणाले. "तोपर्यंत बघ."

दुसऱ्या दिवशी तो राजोडीहून बांबू आणि नायलॉनची दोरी घेऊन आला. समुद्रावर बोंबील वाळवायला बांबूंवर दोऱ्या ताणतात, तशी त्याने शेडच्या मधोमध, विजेच्या सर्व तारांपासून दूर, दोरी ताणली आणि केबल तिला लटकवली. इतका विद्रूप प्रकार त्या कारखान्यात कधी झाला नव्हता. कुलकर्णी जिन्यावरून पाहून म्हणाले, "अरे, हे काय फिश मार्केट आहे का?" पाद्री खालून ओरडला, "साहेब, वास येईल तेव्हा बोला! आधी स्पीड कमी करा. म्हातारा आहे तो. घास घास भरवा." कुलकर्णींनी वेग कमी केला. तो शहाणपणा त्यांनी दाखवला, हेही मी इथे लिहून ठेवतो. खड्ड्याची जागा भरून, घासून आम्ही साचा पुन्हा चढवला.

टेम्पो आला तेव्हा मशीन कापत होते. भंगारवाल्याची माणसे फाटकाशी बिड्या ओढत बसली होती. कुलकर्णींच्या गोष्टीत असेही आहे, की त्या दिवशी पाद्री प्रथमच एका जागी पुतळ्यासारखा उभा राहिला. ऐकायला छान आहे. खोटे आहे. त्या दिवशी तो जितका चालला तितका कधी चालला नसेल. पलीकडच्या शेडमध्ये जाऊन त्यानेच वेल्डिंग सुरू करायला लावले, म्हणजे काय व्हायचे ते आताच होऊ दे. आणि मग मशीन, दरवाजा, फाटक, पुन्हा मशीन. तात्याही आपले लेथ बंद करून येऊन उभे राहिले. त्यांच्या अंगावरून पाद्री इतक्यांदा गेला की शेवटी ते म्हणाले, "आरं बाबा, घेरी आणशील मला! एका जागी मर की जरा!" कटर साच्याच्या कडेने, जायचे तसेच गेले. शेवटचा आकडा उतरला, कटर फिरवणारे स्पिंडल वर उठले. शेठ फाटकाशी जाऊन भंगारवाल्यांशी काही बोलले आणि टेम्पो रिकामा वळला.

त्या बांबूंवरच्या केबलवर ते मशीन पुढे कित्येक वर्षे चालले. कुलकर्णी पुण्याला गेले, मी निवृत्त झालो, आणि नंतर शेठनी धंदाच आवरता घेतला. ज्या गोष्टीसाठी आम्ही इतके तळमळलो तिचा शेवट एका साध्या बंद दरवाजात झाला. पाद्री राजोडीला पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला.

मी त्याला शेवटचे भेटायला गेलो तेव्हा त्याला दम लागत असे. डॉक्टरांनी चालणे बंद केले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे पाय मात्र सारखे हलत होते आणि त्याची बायको दर थोड्या वेळाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून ते थांबवत होती. पूजेची ती गोष्ट तेव्हाही लोकांच्या तोंडी होतीच. मी म्हणालो, "आता तरी मला बोलू दे. त्या लाल बोळ्याची गोष्ट लोकांना कळू दे. तुझ्याकडे पुरावा होता आणि तू तो लपवलास, हे कळले की तोंडे बंद होतील."

"तात्याला वाईट वाटंल."

"तात्या वारले. तुला कळवले होते मी. दोन वर्षे झाली."

पाय थांबले नाहीत. तो बाहेर पाहत होता. "मग तर मुळीच नको," तो म्हणाला. "जित्ता होता तेव्हा मला शिवी तरी घातली असती. आता तो काय बोलनार?"

मी त्याच्याशी तासभर भांडलो. सत्य हे सत्य असते, मेल्यामुळे कोणाचे कुंकू पुसले जात नाही, असे बरेच काही बोललो. त्याने चहा मागवला. निघताना म्हणाला, "भांडायला परत ये, दळवी." मी परत गेलो तो त्याच्या अंत्यविधीच्या मिस्सेला. चर्चच्या अंगणात उभा असताना मला कोणाशी तरी वाद घालावासा वाटत होता, आणि कोणी नव्हते.

त्याचे म्हणणे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटलेले नाही. ज्याने मौन राखले त्यालाच दोषी ठरवणारी गोष्ट दर मेजवानीला सांगितली जात असेल, तर ते मौन मोडलेच पाहिजे. म्हणून मी हे लिहिले. तात्यांच्या हातात माया होती, वैर नव्हते. कुंकू नको त्या जागी लागले, एवढेच. तरीही त्यांच्या मुलाबाळांना राग आला, तर त्यांनी तो पाद्रीवर काढू नये. माझ्यावर काढावा. मी तुळिंजलाच राहतो, घरीच असतो, आणि मला अजून उत्तर देता येते.